चामड्याची बॅग देवघरात

सिगारेटच्या लायटरनं मी निरांजन लावलं, तेव्हा माझे धाकटे दीर देवघराच्या उंबऱ्याबाहेर उकिडवे बसून श्वास रोखून बघत होते. वात पेटली तशी त्यांनी मांडीवर थाप मारली.

"लागली! अण्णा, पहिल्या झटक्यात लागली!"

अण्णा, म्हणजे माझे सासरे, पाटावर डोळे मिटून बसले होते. त्यांनी एक डोळा उघडून लायटरकडं पाहिलं, मग ज्योतीकडं पाहिलं आणि म्हणाले, "हं."

अण्णांचा "हं" म्हणजे होकार. मुकुंदभाऊजींनी मला तिथूनच हात जोडले. "वहिनी, तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं?"

"सिगारेटी ओढल्या असत्यास," अण्णा म्हणाले आणि तो डोळा पुन्हा मिटला.

आमचं, वेर्णेकरांचं घर पेनांचं. मूळची सोनारकी, पण अण्णांच्या वडिलांनी दागिने सोडले आणि सोन्याच्या निबा घडवायला घेतल्या. मग निबेला साजेसं पेनही आपणच करावं म्हणून लेथ आला, एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या कांड्या आल्या. कोल्हापुरात आणि बाहेरही वकील, डॉक्टर, साखर कारखान्यांचे चेअरमन वेर्णेकरांचं पेन खिशाला लावून फोटो काढून घ्यायचे. त्या पेनांचा एक रिवाज होता. नवा घाट निघाला की त्याचा पहिला नग देवघरात यायचा, आणि घरच्या सुनेनं सोवळ्यात त्या पेनानं कोऱ्या कागदावर "श्री" काढायचा. मगच ते बाजारात. सासूबाई होत्या तोवर त्या काढत. त्यांच्यामागं ते काम माझ्याकडं आलं. मला ते आवडायचं. माझा दिवस नाही तरी देवघरातच उजाडायचा. तुळशीच्या प्रदक्षिणा, चातुर्मासात गोपद्मं, गुरुवारी संध्याकाळी भजन. भजनाला अण्णा स्वतः पखवाज घेऊन बसत आणि हे टाळ धरत. हे म्हणजे माझे यजमान. निबेचं टोक घासून घासून माणूस इतका मुका झाला होता, की दिवसाकाठी जे काही बोलायचं ते टाळांतूनच.

तर पेनांपुरता हा रिवाज सोपा होता. मुकुंदभाऊजींच्या डोक्यात वारं शिरलं आणि तो अवघड होऊन बसला.

"अण्णा, लोक आता पेन उघडतच नाहीत," ते म्हणायचे. "खिशाला लावतात. लिहायला दुसरं साधं घेतात. म्हणजे आपण काय विकतो? खिशाची शोभा! मग ज्याला खिशाला शोभा हवी, त्याला मनगटाला नको? बाहीला नको? कमरेला नको?"

"कमरेचं काढू नकोस," अण्णा म्हणायचे.

पण भाऊजी मागं हटणारे नव्हते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते हाफ चड्डीत होते आणि पहिल्याच दिवशी माझ्या शालूच्या पदराला त्यांनी फुगा बांधला होता. ते मोठे झाले, फुगा तेवढा गेला. त्यांनी मुंबईच्या गुप्तेबाई गाठल्या. या बाईंची भेटवस्तूंची मोठमोठी दुकानं होती. बाई म्हणाल्या, पेनाला जोडून अख्खा संच करा, वेर्णेकरांच्या नावानं मी विकते. लायटर, बाहीची बटणं, अत्तर, आणि मुख्य म्हणजे चामड्याची बॅग. एकही वस्तू कमी चालणार नाही.

अण्णांनी एकच अट घातली. "रिवाज मोडायचा नाही. जी वस्तू सुनेच्या हातून देवापुढं वापरली जाणार नाही, तिच्यावर माझं नाव पडणार नाही."

त्यांना वाटलं असेल, एवढ्यानं विषय संपेल. माझ्या दिरांना ते ओळखत नव्हते, दुसरं काय.

बाहीची चांदीची बटणं आली, ती भाऊजींच्या सांगण्यावरून मी बाळकृष्णाच्या कानांवर मेणानं चिकटवली. बाळकृष्ण लग्नाला निघालेल्या मारवाड्याच्या मुलासारखा दिसायला लागला. अण्णांनी बराच वेळ निरखून "हं" म्हटलं. अत्तराचं तर सोपंच होतं, देवाला अत्तर लागतंच. फक्त बाटलीवर इंग्रजीत "मिडनाइट सीक्रेट" असं काहीतरी छापलं होतं, ते मी देवाला वाचून दाखवलं नाही. मग लायटर.

राहिली बॅग.

बॅगेचं नाव काढताच अण्णांनी डोळे उघडले, दोन्ही.

"चामडं माझ्या देवघरात येणार नाही."

"मग देवघराच्या बाहेर..."

"देवघराच्या बाहेर राहिलेली वस्तू माझ्या नावानं जाणार नाही. झालं?"

भाऊजींचा चेहरा असा उतरलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. ते उठले आणि शांतपणे म्हणाले, "गुप्तेबाई शनिवारी येतायत. त्यांच्यासमोर तुम्ही नाही म्हणालात, तर मी सोमवारी बंगळूरला निघालो. तिथं नोकरी तयार आहे. मला निदान हसायला तरी मिळेल."

अण्णांनी दोन्ही डोळे मिटून घेतले. रात्री हे मला म्हणाले, "जाईल तो." दोनच शब्द. पण यांच्या तोंडून दोन शब्द म्हणजे पुष्कळ झाले. मी देवाला म्हटलं, बाबा रे, हे घर मुक्या माणसांचं आहे. यातला एक बोलका आहे, तेवढा राहू दे.

शनिवारी सकाळी गुप्तेबाई महालक्ष्मी एक्स्प्रेसनं आल्या आणि संध्याकाळच्या महालक्ष्मीनंच परत जाणार होत्या. आखूड केस, डोक्यावर चढवलेला गॉगल, आणि हसणं असं की समोरच्या घरातल्या बायका खिडकीत आल्या. कारखाना बघून झाला. यांच्या हातातली निब त्यांनी भिंगातून पाहिली आणि "काय हो हे, दागिना आहे दागिना!" म्हणून यांच्या पाठीत धपाटा घातला. हे तिथंच विरघळले.

मग जेवण. कामाला येणाऱ्या सोनाक्काला हाताशी घेऊन मी पुरणपोळ्या केल्या होत्या, कटाची आमटी, अळू, काकडीची कोशिंबीर, वर ताक. चातुर्मास म्हणून कांदा-लसूण नाही. मी पानं वाढायला वाकले तर बाईंनी माझा हातच धरला.

"तुम्ही नाही का बसत? मग मीही नाही बसणार. पुरुषांच्या घोळक्यात जेवायचा कंटाळा आलाय मला."

"बसतील की," भाऊजी म्हणाले. "सोनाक्का वाढेल. पण बाई, वहिनी बोलणार नाहीत हं. त्यांचं व्रत आहे. चातुर्मासात मौनानं जेवतात. मधे एक शब्द गेला तोंडातून, तर ताट संपलं. उठायचं. त्या दिवशी मग अन्न नाही."

"अगं बाई! आणि नवऱ्यानं काही म्हटलं तर?"

"तेवढाच आराम," हे म्हणाले. बाई पोट धरून हसल्या. यांना आपण विनोद केला हे थोड्या वेळानं कळलं, मग हेही हसले.

मी चित्राहुती घातली आणि तोंड मिटलं.

पहिली पोळी गोडीत गेली. बाईंनी दोनदा तूप मागून घेतलं. दुसऱ्या पोळीला त्यांनी विषय काढला.

"अण्णासाहेब, अत्तर पसंत, लायटर पसंत. बॅगेचं कसं करायचं?"

"बॅग नाही."

"बॅगेशिवाय संच नाही हो. लोक बॅगेसाठीच दुकानात शिरतात. पेन त्या बॅगेत बसून बाहेर जाणार."

"वेर्णेकरांचं पेन कुणाच्या पिशवीत बसून बाहेर जात नाही."

"अण्णा, पिशवी नाही, बॅग!" भाऊजी म्हणाले.

"चामडं आहे ना? मग मला ती चप्पलच. चप्पल कुणी देवापुढं ठेवतं का? तूच सांग, ठेवतं?"

"म्हणजे तुमचं नाहीच."

"नाहीच."

"बरं. मग सोमवारी मी..."

"जायचं असेल तर जा," अण्णा म्हणाले आणि आमटीची वाटी तोंडाला लावली. वाटी रिकामी होती, पण ते फक्त मला दिसलं. मी त्यांच्या समोरच होते.

सोनाक्काचा डाव आमटीच्या पातेल्यातच थांबला. भाऊजी ताटाकडं बघत बसले होते, आणि मी पुरणाचा घास नुसता तोंडात धरून होते. कारण अण्णांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. देवघराच्या कोपऱ्यात, लाल कापडाखाली होतं ते, आणि मी रोज सकाळी झाडताना ते पदरानं पुसत होते.

बोलायचं तर नव्हतं. मी यांच्याकडं बघून दोन्ही हात समोर धरले आणि हवेत दोन्ही बाजूंनी थापा मारल्या.

हे घाबरले. "काय झालं? पोटात दुखतंय?"

मी मान हलवली. पुन्हा थापा मारल्या, जरा ठेक्यात.

"भाकरी!" सोनाक्का ओरडली. "वैनीस्नी भाकरी पायजे व्हय? आता थापते की! सांगायचं न्हाई का आदी?"

आणि ती निघालीसुद्धा. मी हातानं नको नको केलं, तर तिला वाटलं दोन नकोत, एकच हवी. आतून पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

मला आठवलं, पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावतात. मी ताटातल्या पोळीचा तुकडा घेतला, तो हवेत डाव्या अंगाला चिकटवल्यासारखा केला, आणि पुन्हा थापा.

"पोळी चिकट झालीय म्हणतेस?" हे म्हणाले. "नाही गं, छान आहे."

भाऊजींनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ओठाची एक कड हलली. "वहिनी, मला थोबाडीत मारायला सांगताय का? दोन्ही गालांवर?"

"थांबा थांबा!" गुप्तेबाई एकदम ओरडल्या. त्यांनी गॉगल डोक्यावरून काढून बाजूला ठेवला आणि माझे हात तसेच हवेत धरले. "मला कळलं! त्या मापं सांगतायत! बॅगेचं माप! एवढी लांब, गोल, दोन्ही टोकांना सपाट. अहो, काय घाट आहे! असा कुणाकडंच नाही! आणि हे डावीकडं काय, चिकटवलेलं? खिसा! बाहेरचा खिसा! मुकुंदराव, लिहून घ्या, लिहून घ्या!"

भाऊजींना लिहायला काही सापडेना. पेनांच्या घरात जेवणाच्या पंगतीला एक पेन नव्हतं. त्यांनी आमटीत बोट बुडवून फरशीवर गोल काढला.

मी कपाळावर हात मारून घेतला.

"नाही?" बाई म्हणाल्या. "खिसा उजवीकडं?"

तेवढ्यात सोनाक्का गरम भाकरी घेऊन आली आणि माझ्या ताटात पुरणपोळीवर ठेवली. ठेवून म्हणाली, "खा आता. बाई माणसानं असं मन मारू ने."

मला हसू फुटायला लागलं. तोंडात घास, समोर पाहुणी, आणि पोटातून असं हसू येतंय की खांदे गदागदा हलतायत. ते पाहून बाई हसायला लागल्या. मग हे. मग भाऊजी. पंगतीत एकटे अण्णा हसत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता उठून जातील, आणि ते उठले की सगळं संपलं.

त्यांनी ताटाकडं हात नेला. आचवायला पाणी मागणार, एवढ्यात मी घास गिळला.

"अण्णा, पखवाजाला काय लावलेलं असतं?"

माझा आवाज फार मोठा नव्हता. मोठा मला येतच नाही. पण त्या खोलीत तो असा वाजला की सोनाक्कानं "अगं आई!" म्हणून तोंडावर हात घेतला. यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला तो ताकाच्या वाटीत.

अण्णांचा हात हवेतच राहिला.

"दर गुरुवारी तो देवासमोर असतो," मी म्हटलं. "तुम्ही मांडीवर घेता. चामडंच आहे ते. देवाला आवडतं ते."

एवढं बोलून मी उठले. ताटात दीड पोळी, वाटीभर आमटी आणि सोनाक्काची अख्खी भाकरी. मी ताटाला नमस्कार केला आणि मागल्या दारी हात धुवायला गेले.

नळ सोडला, तरी आतलं काही ऐकू येईना. मी चूळ भरली. पाय धुतले. पुन्हा चूळ भरली. मला खरं तर भयंकर भूक लागली होती.

मग पाठीमागून खडावांचा आवाज आला. अण्णा. हात खरकटेच. जेवता जेवता अण्णा उठलेत असं माझ्या आठवणीत नव्हतं.

ते नळापाशी थांबले. माझ्याकडं न बघता, तुळशीकडं बघत म्हणाले, "लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू मला 'हो अण्णा' म्हणत आलीस."

"हो अण्णा."

"आणखी काय काय येतं तुला बोलायला?"

मी पदर सावरला आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्यांनी सावकाश हात धुतले. आणि मग, देवाशपथ सांगते, त्यांचं पोट हलायला लागलं. आधी पोट, मग खांदे, मग ते तुळशीवृंदावनाला टेकले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"भाकरी!" ते म्हणाले. "तू पखवाज वाजवतेस आणि त्यांना भाकरी दिसते! आण ती पिशवी."

"बॅग!" आतून भाऊजी ओरडले. म्हणजे घरचे सगळे दाराआड उभे होते.

मी पुन्हा सोवळं नेसले. गुप्तेबाईंनी आणलेली नमुन्याची बॅग तांबड्या चामड्याची होती, वासही तसाच. आत काय ठेवायचं हा प्रश्न होता. पोथी ठेवायला अण्णांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मी यांचे टाळ घेतले, बॅगेत घातले, पखवाजाशेजारी ती ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. मागं भाऊजी, हे आणि सोनाक्का ओळीनं उभे. बाई तेवढ्या नव्हत्या. त्यांनी पंगतीतूनच ओरडून सांगितलं होतं, "तुम्ही व्हा पुढं. मी पोळी टाकून उठणार नाही."

सगळ्यांचे डोळे अण्णांकडं. अण्णांनी बॅगेकडं पाहिलं, पखवाजाकडं पाहिलं.

"हं," ते म्हणाले.

भाऊजींनी अण्णांना उचललं. खरंच उचललं, सोवळ्यासकट. अण्णा वरून "अरे ठेव, ठेव गाढवा, विटाळ झाला!" म्हणून ओरडत होते, पण पाय मात्र हलवत नव्हते. बंगळूरचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालं नाही. आणि पहिल्या वर्षी सगळ्यांत जास्त खपली ती बाईंनी माझ्या हातांवरून बेतलेली गोल बॅग. डाव्या बाजूला खिसा.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवले. भूक अशी की पानातलं मीठसुद्धा गोड लागत होतं. पंगत नेहमीचीच, अण्णा समोर. मौन नव्यानं सुरू.

भाऊजी रात्रभर झोपलेच नव्हते. आमटी ओरपत ते म्हणाले, "अण्णा, आता एकच राहिलं. मनगटी घड्याळं. तबकडीवर आपलं नाव, काट्याला आपल्या निबेचा आकार. देवघराचंही सोपं आहे, वहिनी घड्याळ लावून आरती करतील, वेळेवर. काय म्हणता?"

अण्णा मान डोलवायला लागले होते. मग एकाएकी त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून भात कालवत होते. त्यांनी पुन्हा पाहिलं. मी घास घेतला.

"नको," अण्णा म्हणाले.

"आता का?"

"बघ ना. ती गप्प आहे."

"अहो, त्या रोजच गप्प असतात!"

"कालपर्यंत असायची," अण्णा म्हणाले. "आता गप्प आहे म्हणजे काहीतरी आहे. घड्याळं नकोत."

हेही माझ्याकडं बघायला लागले. भाऊजींनी तर हातातला घास खाली ठेवला आणि पुढं वाकून हळूच विचारलं, "वहिनी, काट्याचा आकार चुकतोय का?"

इतकी वर्षं झाली, व्यापारी लोक अजून विचारतात, वेर्णेकरांनी एवढं सगळं काढलं, घड्याळं तेवढी का नाही काढली? भाऊजी गंभीर चेहऱ्यानं सांगतात, त्याला खोल कारण आहे.

मला त्या दिवशी फक्त ताक हवं होतं. सोनाक्काचं लक्ष नव्हतं.